कॅडिलॅक : एका मोठ्या नांवाची कहाणी

एखाद्या घराण्याचा इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे मूळ पुरुषापासून आरंभ करावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. आज मी ज्या घराण्याविषयीं बोलणार आहें तें माणसांचें नाहीं, मोटारींचें आहे. तरी मूळ पुरुष येथेंही आहे, आणि तो मोठा मासलेवाईक आहे. आंत्वान लोमे नांवाचा एक फ्रेंच मनुष्य सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत गेला. तेथें पोंचल्यावर त्यानें आपलें साधें आडनांव टाकून दिलें आणि ‘द ला मोत कॅडिलॅक’ असें सरदारी थाटाचें नांव धारण केलें. त्या नांवाला शोभेलसें कुलचिन्हही त्यानें स्वतःच जुळवून घेतलें. ह्याच गृहस्थानें १७०१ सालीं डेट्रॉइट गांव वसविलें. पुढें दोनशें वर्षांनीं त्या गांवांत मोटारींचा एक कारखाना निघाला तेव्हां त्याला ह्या संस्थापकाचें नांव देण्यांत आलें, आणि तें घरीं बनविलेलें कुलचिन्ह मोटारीच्या तोंडावर झळकूं लागलें.

मीं स्वतः आयुष्यांत मोटार कधीं चालविली नाहीं. शाळेस जावयास सायकल होती. निवृत्तीनंतर पाय आहेत. तेव्हां यंत्राची बारीक चिकित्सा मजकडून कोणी अपेक्षूं नये. परंतु इतिहास शिकविण्यांत उभा जन्म गेल्यामुळें, एखादें राज्य बुडालें म्हणजे तें कोणीं बुडविलें हें विचारण्याची खोड मला जडली आहे. ‘परचक्र आलें म्हणून बुडालें,’ असें उत्तर मुलें लिहीत असत. त्या उत्तराला मीं पुरे गुण कधीं दिले नाहींत. कॅडिलॅकविषयींही तेंच उत्तर सर्वत्र ऐकूं येतें : जर्मन आले, मागून जपानी आले, आणि अमेरिकेची मानाची मोटार मागें पडली. हें खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे.

कारखाना १९०२ सालचा. हेन्री फोर्ड ह्यांच्या एका आरंभींच्या कंपनीशीं त्यांचें बिनसलें व ते बाहेर पडले. राहिलेल्या यंत्रसामग्रीची किंमत करून ती विकून टाकावी, म्हणून भागीदारांनीं हेन्री लेलंड नांवाच्या वयस्क कारागिराला बोलाविलें. लेलंड हे अतिसूक्ष्म मापांच्या कामांत मुरलेले. त्यांनीं किंमत करून दिली, पण सल्ला उलट दिला. कारखाना मोडूं नका, माझें इंजिन घ्या व मोटारी करा, असें त्यांनीं सुचविलें. आणि ह्यांतून कॅडिलॅक जन्मास आली.

त्या काळीं मोटार म्हणजे एकेक स्वतंत्र वस्तु असे. एका मोटारीचा भाग दुसरीस बसेल अशी खात्री नव्हती. लोहारानें कानस घेऊन तो घांसावा लागे. लेलंड ह्यांचा हट्ट असा कीं, माप एकदां ठरलें म्हणजे केसाइतकाही फरक होतां कामा नये. ह्या हट्टाची परीक्षा १९०८ सालीं इंग्लंडांत झाली. लंडनच्या विक्रेत्याकडील सांठ्यांतून तीन मोटारी निवडून ब्रुकलँड्स येथील शर्यतीच्या मैदानावर नेण्यांत आल्या आणि तेथें त्या पूर्णपणें खोलण्यांत आल्या. प्रत्येकीचे ७२१ भाग. त्या सर्वांचा एकच ढीग केला. त्यांतले कांहीं काढून त्यांच्या जागीं विक्रेत्याच्या कपाटांतले सुटे भाग घातले. मग ह्या ढिगांतून केवळ पान्हे आणि पेचकस ह्यांच्या साहाय्यानें तीन मोटारी पुन्हां उभ्या केल्या व त्या ५०० मैल धांवविल्या. तिन्ही व्यवस्थित धांवल्या. इंग्लंडच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबानें त्याबद्दल ड्यूअर पारितोषिक दिलें, आणि कॅडिलॅकनें ‘जगाचें प्रमाण’ असें बिरुद लावून घेतलें. ह्या प्रसंगीं युरोपच्या दारांत परकी म्हणून उभी राहिलेली मोटार कॅडिलॅक होती, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

१९०९ सालीं जनरल मोटर्सनें हा कारखाना विकत घेतला. १९१२ सालच्या नमुन्यांत विजेनें इंजिन सुरू करण्याची युक्ति आली, आणि दांडा फिरवितांना मनगट मोडून घेण्याची वेळ टळली. त्याबद्दल पुन्हां तेंच पारितोषिक मिळालें. १९१५ च्या नमुन्यांत आठ सिलिंडरांचें इंजिन आलें, १९३० सालीं सोळांचें. दरम्यान लेलंड मालकांशीं न पटल्यामुळें १९१७ सालीं बाहेर पडले. त्यांनीं नवी कंपनी काढली व तिला लिंकन असें नांव दिलें. १९२२ सालीं ती फोर्ड कंपनीनें घेतली. म्हणजे अमेरिकेंतल्या दोन मानाच्या मोटारी एकाच म्हाताऱ्याच्या हातच्या. हें नांव पुढें पुन्हां यावयाचें आहे.

(जातां जातां सांगावयाचें म्हणजे, ह्याच जनरल मोटर्सनें १९२८ सालीं आपल्या मुंबईस शिवडी येथें मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. तेथें मुख्यतः शेव्हरोलेट जोडल्या जात. कॅडिलॅक हा संस्थानिकांचा विषय होता. आम्हां मास्तरांचा शेव्हरोलेटही नव्हता.)

ह्यानंतरची १९३०–४० मधली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मंदीचे दिवस होते. इतकी महाग मोटार घेणार कोण? कॅडिलॅक बंद करावी कीं काय, असा विचार वरिष्ठांत चालला होता. कंपनीचें त्या वेळचें धोरण असें होतें कीं, कृष्णवर्णीय गिऱ्हाइकास कॅडिलॅक विकावयाची नाहीं. विकली तर नांवाला बट्टा लागेल. परंतु निकोलस ड्रायस्टाट नांवाचा एक जर्मन वंशाचा अधिकारी दुरुस्तीचें खातें पाहत असे. दुरुस्तीस मोटारी घेऊन येणाऱ्यांत पुष्कळ कृष्णवर्णीय डॉक्टर, वकील, मुष्टियोद्धे, गायक आहेत, हें त्याच्या नजरेस आलें. ह्यांना मोटार मिळाली कशी? चौकशी करतां कळलें कीं, हे लोक एखाद्या गोऱ्या माणसाला वर पैसे चारून त्याच्या नांवानें मोटार विकत घेतात. चांगल्या वस्तींत घर घेण्याची त्यांना बंदी; मानाच्या ठिकाणीं प्रवेशाची बंदी; स्वकष्टानें मिळविलेली प्रतिष्ठा दाखवावी कशानें? रस्त्यावर चालणाऱ्या ह्या एका वस्तूनें. ड्रायस्टाटनें वरिष्ठांपुढें जाऊन सांगितलें, हा नफा मधल्या गोऱ्या माणसाला कां देतां? तो आपणच घ्या. वरिष्ठांनीं ऐकलें, खप वाढला, कॅडिलॅक वांचली, आणि १९३४ सालीं ड्रायस्टाट तिचा मुख्य झाला.

ह्यांत न्यायबुद्धि किती आणि व्यवहार किती, हें मी सांगूं शकत नाहीं. बहुधा व्यवहारच अधिक. पण ज्यांना दारांतून हांकून दिलें त्यांनींच ते घर पडूं दिलें नाहीं, ही गोष्ट उरते. ही गोष्ट पुढील पिढीस कोणीं नीट शिकविली असती, तर बरें झालें असतें.

महायुद्धानंतरचीं वीस-पंचवीस वर्षें हा सुवर्णकाळ. १९४८ च्या नमुन्याला लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचलेले लहानसे कल्ले आले, ते वाढत वाढत १९५९ सालीं माणसाच्या कमरेवर गेले. जुना प्रतिस्पर्धी पॅकार्ड ह्याच काळांत नाहींसा झाला. त्यानें मंदीच्या काळांत, १९३५ साली, आपल्याच नांवाखालीं स्वस्त मोटार काढली होती. त्या वेळीं कंपनी तगली, पण नांव उतरलें. १९५८ सालीं तें बाजारांतून गेलें. कॅडिलॅकच्या चालकांनीं मात्र हीच अडचण निराळ्या रीतीनें सोडविली होती. १९२७ सालीं थोडी स्वस्त मोटार काढावयाची झाली तेव्हां त्यांनीं तिला लासाल असें वेगळें नांव दिलें, आणि १९४० सालीं तें नांव मिटविलें. मूळ नांवाला झळ लागूं दिली नाहीं. वडिलांची अक्कल म्हणतात ती ही.

आतां परचक्राकडे वळूं. अमेरिकेंत मर्सिडीज कोणाच्या दुकानांतून विकली गेली हें पाहण्याजोगें आहे. १९५७ पासून कांहीं वर्षें ती स्टुडबेकर-पॅकार्ड ह्या मोडकळीस आलेल्या कंपनीच्या विक्रेत्यांकडून विकली जाई. एका मरणाऱ्या मानकऱ्यानें दुसऱ्यास ओसरीवर जागा दिली, ती अशी. १९६५ सालीं मर्सिडीजनें स्वतःची व्यवस्था केली. बीएमडब्ल्यूनेंही ह्याच सुमारास तरुण सुशिक्षितांत जम बसविला. ह्या मोटारी लहान, आंतून साध्या, बसावयास कांहींशा कठीण. पण वळणावर रस्ता सोडीत नसत, आणि चाकाखालीं काय चाललें आहे तें चालविणाऱ्याच्या हाताला कळे. कॅडिलॅकचा ध्यास ह्याच्या नेमका उलट : चालविणाऱ्याला कांहींच कळूं नये, गादीवर लोळल्याप्रमाणें प्रवास व्हावा. पैसेवाल्याचा मुलगा बापाच्या मोटारीला हंसूं लागला, हा बदल डेट्रॉइटला उशिरा कळला.

तरी पहिलें उत्तर वाईट नव्हतें. १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७५ सालीं सेव्हिल नांवाची आटोपशीर कॅडिलॅक निघाली. ती इतर कॅडिलॅकांहून सुमारें हजार पौंड हलकी, आणि तरीही सांवकारी लांब लिमोझिन सोडली तर घरांतल्या सर्वांहून महाग : साडेबारा हजार डॉलरांच्या आंतबाहेर. मोठें तें महाग, ही अमेरिकन समजूत प्रथमच मोडली. मर्सिडीजला डोळ्यापुढें ठेवून केलेली ही मोटार खपलीही चांगली. १९७८ च्या नमुन्यांच्या सुमारें साडेतीन लाख कॅडिलॅक तयार झाल्या. इतका खप झाल्यावर चूक काढणार कोण?

येथून पुढची दहा वर्षें मात्र वाचतांना जीव हळहळतो. १९८१ सालीं एक नवें इंजिन आलें. जोर कमी लागेल तेव्हां आठांपैकीं दोन किंवा चार सिलिंडर आपोआप बंद पडावेत, तेल वांचावें, अशी त्याची रचना. कल्पना खोटी नव्हती. पुढें विसाएक वर्षांनीं ती अनेक कारखान्यांनीं यशस्वी केली. पण त्या काळच्या गणकयंत्राची मति इतकी मंद कीं, मोटार धक्के खाई. शेवटीं विक्रेते ती तारच तोडून देऊं लागले. अर्ध्या कच्च्या भाजणीचें मडकें बाजारांत आणून ठेवलें, आणि तें लेलंडच्या कारखान्यानें!

त्याच वर्षीं सिमॅरॉन आली. बीएमडब्ल्यूच्या लहान मोटारीशीं टक्कर द्यावयाची होती. वेळ थोडा, पैसा थोडा. तेव्हां शेव्हरोलेट कॅव्हेलियर नांवाची स्वस्त, चार सिलिंडरांची मोटार घेतली, तिला चामड्याच्या बैठका व वेगळी जाळी लावली आणि दुप्पटीच्या घरांतली किंमत मागितली. पितळेवर सोन्याचें पाणी! चालकांच्या मनांतही शंका असावी, कारण आरंभीं तिला सरळ कॅडिलॅक न म्हणतां ‘कॅडिलॅककृत सिमॅरॉन’ म्हणत. पण लासालप्रमाणें दूर ठेवण्याचें धैर्य नाहीं आणि उघड आपली म्हणण्याचीही हिंमत नाहीं, अशा मधल्या अवस्थेनें कोणी फसत नाहीं. १९८८ सालीं ती बंद झाली. १९८५ च्या मोठ्या कॅडिलॅकही आंखूड झाल्या व घरांतल्याच ब्यूइक, ओल्ड्समोबिल ह्यांच्यासारख्या दिसूं लागल्या. तेव्हां लिंकननें एक जाहिरात काढली : उपाहारगृहाच्या दाराशीं मोटार आणून देणारा नोकर कॅडिलॅक कोणती आणि ब्यूइक कोणती ह्यांतच गोंधळून जातो, आणि लिंकनचा मालक मात्र आपली मोटार लगेच ओळखतो. १९०८ सालीं एकसारखेपणामुळें कीर्ति मिळाली होती. आतां एकसारखेपणानेंच ती धुळीस मिळाली.

दुसऱ्या टोकाला अलांते. १९८७ सालची ही दोन माणसांची मोटार, मर्सिडीजच्या उघड्या मोटारीस उत्तर म्हणून केलेली. तिचा सांगाडा इटलींत तुरीन येथें पिनिनफरीना ह्यांच्याकडे घडविला जाई, आणि बोइंग ७४७ विमानांत एका खेपेस छप्पन्न अशा हिशेबानें डेट्रॉइटला उडवून आणला जाई. लग्नांत वरातीचा खर्च लग्नाहून अधिक व्हावा, तसा हा प्रकार. १९९३ पर्यंत एकवीस हजारांच्या आसपास मोटारी झाल्या आणि खेळ आटोपला.

इतक्यांत जपानी आले. टोयोटानें १९८९ सालीं लेक्सस नांवानें नवी मोटार विक्रीस काढली. किंमत पस्तीस हजार डॉलर, जर्मन बरोबरीच्या मोटारीहून पुष्कळ कमी. कांहीं महिन्यांतच तिच्यांत किरकोळ दोष आढळला. विकलेल्या सुमारें आठ हजार मोटारी परत बोलावणें भाग पडलें. नव्या नांवाला हा मृत्यूच. पण लेक्ससच्या लोकांनीं काय केलें? जेथें जरूर पडली तेथें माणसें गिऱ्हाइकाच्या घरीं पाठविलीं, दोष दुरुस्त केला, मोटार धुऊन, तेल भरून परत दिली. कॅडिलॅकनें तार तोडून दिली होती. लेक्ससनें मोटार धुऊन दिली. २००० सालीं अमेरिकेंत सर्वाधिक खपाची मानाची मोटार लेक्सस ठरली, ह्यांत मला नवल वाटत नाहीं.

ह्या काळांत कॅडिलॅकनें हातपाय हलविले नाहींत असें नाहीं. १९९० सालीं तिला गुणवत्तेचें बाल्ड्रिज राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. १९९२ ची सेव्हिल जाणकारांनीं वाखाणली. मग पुन्हां घसरगुंडी. १९९६ सालीं जर्मनींतली ओपेल ओमेगा आणून तिला कॅटेरा असें नांव दिलें, आणि कुलचिन्हांतल्या पक्ष्याचें बदकासारखें हास्यचित्र करून जाहिराती केल्या. आपल्या कुलदैवताची आपणच नक्कल करावी, तसें हें झालें. १९९८ च्या अखेरीस लिंकन खपांत पुढें जाणार असें दिसतांच कॅडिलॅकनें डिसेंबरचे आंकडे फुगवून सांगितले. पुढील वर्षीं चूक कबूल करून माफी मागावी लागली. लेलंड ह्यांच्या एका अपत्यानें दुसऱ्याशीं लबाडी करावी, हें त्या म्हाताऱ्याला काय वाटलें असतें!

पण ह्याच तळाशीं खरी सुधारणा सुरू झाली. जानेवारी १९९९ मध्यें डेट्रॉइटच्या प्रदर्शनांत इव्हॉक नांवाचा एक नमुना ठेवण्यांत आला. धारदार कडा, उभे दिवे, सपाट पृष्ठें. जर्मन गोलाईची नक्कल नाहीं आणि जुन्या कल्ल्यांची आठवणही नाहीं. ह्या वळणाला त्यांनीं ‘कला आणि विज्ञान’ म्हटलें. कुलचिन्हांतले पक्षीही त्या सुमारास उडून गेले. २००२ सालीं ह्या वळणाची सीटीएस ही मोटार रस्त्यावर आली. तिच्यासाठीं नवा सांगाडा केला, मागच्या चाकांना गति देण्याची पद्धति परत आणली, लॅन्सिंग येथें नवा कारखाना उभारला. मुख्य म्हणजे जर्मनींतल्या न्यूर्बुर्गरिंग ह्या तेरा मैलांच्या डोंगराळ वाटेवर नेऊन ती तपासली. जेथें प्रतिस्पर्धी आपले घोडे तयार करतो, त्याच मैदानांत आपलाही फिरवावा, हें चौऱ्याण्णव वर्षांनंतर पुन्हां सुचलें. मे २००८ मध्यें सीटीएस-व्ही ह्या तिच्या वेगवान बहिणीनें तेथील फेरी आठ मिनिटांच्या आंत पुरी केली. चार दारांच्या नेहमींच्या मोटारीस तें त्या काळीं मोठें भूषण होतें. जाहिरातींना दणदणीत रॉक संगीताची साथ दिली. तोंवर कॅडिलॅकचें गिऱ्हाईक बहुतेक माझ्या वयाचें असे. त्याला तें संगीत रुचलें नसेल, पण तें त्याच्यासाठीं नव्हतेंच.

आणि गंमत अशी कीं, नांव ज्यानें खरोखर तरुणांच्या तोंडीं नेलें तें वाहन ह्या योजनेंत बसतच नव्हतें. लिंकननें मालवाहू गाडीच्या सांगाड्यावर प्रचंड नॅव्हिगेटर काढली, म्हणून घाईघाईनें १९९८ सालीं तशीच एस्कलेड काढण्यांत आली. पहिली एस्कलेड म्हणजे घरांतल्याच दुसऱ्या गाडीला लावलेलें नवें नांव, सिमॅरॉनचीच जात. पण ती कृष्णवर्णीय गायकांनीं व खेळाडूंनीं उचलली, गाण्यांत घातली, आणि ती फोफावली. ड्रायस्टाटच्या वेळीं जे घडलें तेंच साठ-सत्तर वर्षांनीं पुन्हां घडलें. ह्या वेळींही कंपनीनें त्यांना बोलावलें नव्हतें.

२००९ च्या १ जूनला जनरल मोटर्सनें दिवाळें काढलें. पाँटियाक, सॅटर्न हीं नांवें गेलीं, कॅडिलॅक राखली. २०१२ सालीं एटीएस ही लहान मोटार थेट बीएमडब्ल्यूवर सोडली. जाणकारांनीं तिच्या चालीची तारीफ केली, पण मागच्या बैठकीवर पाय आखडत, आणि गिऱ्हाईक तर चार दारांची मोटार सोडून उंच गाड्यांकडे निघालें होतें. १९७५ चा प्रश्न २०१२ सालीं अचूक सुटला. मग योहान द नायशेन ह्यांना २०१४ सालीं मुख्य नेमलें. त्यांनीं कचेरी डेट्रॉइटहून उचलून न्यूयॉर्कच्या सोहो भागांत नेली. मान मिळवावयाचा तर मानाच्या पेठेंत राहावें, असा त्यांचा विचार. २०१८ सालीं ते गेले, आणि पुढच्या वर्षीं कचेरी डेट्रॉइटच्या बाजूला परत आली. आंत्वान लोमेनें गांव बदललें तें जमलें. कारण तेथें त्याला ओळखणारें कोणी नव्हतें.

तिकडे चीनमध्यें जुन्या चुकांची आठवण असणारें कोणी नव्हतें, म्हणून तेथें नांव सहज रुजलें. २०१७ सालीं चीनमध्यें सुमारें पावणेदोन लाख कॅडिलॅक खपल्या, अमेरिकेंत सुमारें एक लाख छप्पन्न हजार. पुढें विजेच्या मोटारी आल्या. २०२२ सालीं लिरिक निघाली. मार्च २०२५ मध्यें फॉर्म्युला वनच्या शर्यतींत २०२६ पासून उतरण्याची परवानगी कॅडिलॅकच्या संघास मिळाली.

२०२२ च्या ऑक्टोबरांत कंपनीनें सेलेस्टिक ही विजेची मोटार दाखविली. किंमत तीन लाख डॉलरांच्या वर. ती वॉरन येथील जनरल मोटर्सच्या तंत्रकेंद्रांत हातानें जोडतात, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणें. आणि कोणत्याही दोन मोटारी सारख्या असणार नाहींत, अशी तिची जाहिरात करतात. ब्रुकलँड्सच्या मैदानावर तीन मोटारींचा ढीग करून पारितोषिक मिळविणाऱ्या घराण्याची ही मोटार.